ब्रह्मदेवाचा दिवस आणि आपला संकल्प

मांजरसुंबा हे बालाघाटाच्या रांगेतील चौरस्त्याचे गाव आहे. बीडकडून घाट चढून आलेली वाट येथून केजकडे, चौसाळ्याकडे आणि पाटोद्याकडे फुटते. या पंचक्रोशीत आता आपल्या समाजाची पक्की घरे उभी राहू लागली आहेत. कोणी ऊसतोडीच्या फडावर हाडे झिजवून, कोणी नोकरीच्या पगारातून चार पैसे मागे टाकून विटेवर वीट चढविली आहे. घराला रंग लागला की शेजारीपाजारी विचारतात, वास्तुशांत केव्हा? ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्या घरात या प्रश्नाने चलबिचल होते. म्हातारी आई म्हणते, दीक्षा घेतली ते बरे केले, पण उद्या घरात काही वेडेवाकडे झाले तर बोल कोणाला लावायचा? आणि कर्ता मुलगा म्हणतो, तासाभराचे तर काम आहे. भटजी काय म्हणतो ते आपल्याला कुठे कळते?

आपल्याला कळत नाही, म्हणून ते निरुपद्रवी आहे, हा समज तपासून पाहणे अवश्य आहे. तेवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमानाच्या हातावर पाणी घालून जो संकल्प सोडतात, तो म्हणजे काळाचा आणि स्थळाचा एक लांबलचक पत्ता असतो. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचे पहिले अर्ध संपून दुसरे अर्ध चालू आहे. त्यातील श्वेतवाराह नावाचा कल्प चालू आहे. त्यातील चौदा मनूंपैकी सातव्या, म्हणजे वैवस्वत मनूचे राज्य चालू आहे. त्यातील अठ्ठाविसाव्या महायुगाचे कलियुग आणि कलियुगाचा पहिला चरण चालू आहे. दंडकारण्य देशात गोदावरीच्या दक्षिण तीरावर, शालिवाहन शकात, अमुक तिथीस अमुक गोत्रात जन्मलेला मी हे कर्म करतो. महाराष्ट्रात जो पाठ रूढ आहे त्यात शालिवाहन शकाला लागूनच आणखी एक शब्द येतो: ‘बौद्धावतारे’. म्हणजे विष्णूचा बुद्ध हा अवतार चालू असताना मी ही पूजा करीत आहे, असे यजमान स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पाचवी प्रतिज्ञा नेमकी कशाविरुद्ध आहे हे प्रत्येक बौद्धाला ठाऊक आहे. पहिलीने ब्रह्मदेव सुटला, चौथीने अवतार सुटला, पाचवीने बुद्ध हा विष्णूचा अवतार ही भाकडकथा सुटली, आठवीने ब्राह्मणाच्या हातचे क्रियाकर्म सुटले. तासाभराच्या त्या कामात या चारही प्रतिज्ञा एका पळीभर पाण्याबरोबर ताम्हनात सोडल्या जातात.

शिवाय तो ‘बुद्धावतार’ तरी कसला? भागवत पुराणाच्या पहिल्याच स्कंधात सांगितले आहे की कलियुग लागल्यावर देवांच्या शत्रूंना भुलविण्यासाठी हा अवतार होणार. आपला शास्ता हा त्यांच्या पोथीत लोकांना चकविण्यासाठी पाठविलेला मायावी आहे. अशा सन्मानाला भुलणारे लोक आपल्यातही आहेत, ही खेदाची गोष्ट होय.

आता त्या काळगणनेकडे वळू. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात तिचा हिशोब दिला आहे. कृतयुगाची चार हजार वर्षे, त्रेतायुगाची तीन, द्वापराची दोन आणि कलियुगाची एक हजार; प्रत्येकाच्या आगेमागे संधिकाल; सर्व मिळून बारा हजार. अशी एक हजार चतुर्युगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस. तो जागा झाला की सृष्टी होते, झोपला की लय पावतो. पुन्हा जाग, पुन्हा सृष्टी. पुराणकारांनी ही वर्षे देवांची मानून त्यांना ३६० ने गुणिले, तेव्हा एकट्या कलियुगाची ४,३२,००० वर्षे झाली, महायुगाची ४३ लाख २० हजार झाली आणि ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा झाला. परंपरेप्रमाणे कलियुगाचा आरंभ ख्रिस्तपूर्व ३१०२ मध्ये झाला. म्हणजे अद्याप सव्वापाच हजार वर्षेही उलटलेली नाहीत आणि चार लाख सव्वीस हजारांहून अधिक शिल्लक आहेत. हे आकडे त्यांच्यातल्या त्यांच्यातही निर्विवाद नव्हते. आर्यभटाने चारही युगे सारख्या लांबीची धरली, तेव्हा ब्रह्मगुप्ताने त्याला दोष दिला. आणि दोष काय, तर हे स्मृतीला धरून नाही! ग्रहगणितात कोणाचा हिशोब बरोबर येतो हा प्रश्न बाजूला राहिला.

बाबासाहेबांनी या कलियुगाच्या लांबीवर बोट ठेवले होते. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा त्यांचा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रकाशित केला, तेव्हा राम-कृष्णांवरील प्रकरणावरून मोठे काहूर माजले. त्या गदारोळात ग्रंथातील इतर प्रकरणे पुष्कळांनी वाचलीच नाहीत. त्यांपैकी कलियुगावरील प्रकरणात ते विचारतात की, जे युग बाराशे वर्षांत संपावयाचे होते ते दैवी वर्षांचा गुणाकार लावून न संपणारे का करण्यात आले? प्रश्न साधा दिसतो, परंतु कलियुग कोणाच्या अंगावर ओढले आहे ते पाहिले म्हणजे त्याचे मर्म कळते.

भागवताच्या बाराव्या स्कंधात कलियुगाची लक्षणे सांगितली आहेत. पाऊस वेळेवर पडणार नाही, माणसे अल्पायुषी होतील, राजे लुटारू होतील. हे सर्व ऐकून श्रोते माना डोलावतात, कारण ज्याच्या त्याच्या गावात असा अनुभव आलेलाच असतो. परंतु त्याच यादीत हेही आहे की शूद्र दान स्वीकारू लागतील, तपस्व्याचा वेष धारण करतील आणि उंच आसनावर बसून धर्म सांगू लागतील. दुष्काळ, दरोडा आणि शूद्राने आसनावर बसणे ही तिन्ही एकाच पंक्तीतील अरिष्टे! आमच्या भागात गावोगाव सप्ताह होतात, तेथे हा भाग रंगवून सांगितला जातो. आणि मग आपला मुलगा तहसील कचेरीत खुर्चीवर बसला, आपली मुलगी शाळेत शिक्षिका म्हणून फळ्यापुढे उभी राहिली की चावडीवरचा म्हातारा सुस्कारा टाकून म्हणतो, ‘कलियुग आले!’ त्याला वाटते आपण सहज बोललो. वस्तुतः तो पोथी म्हणत असतो. खेदाची बाब अशी की आपल्या घरातही, सुनेने उलट उत्तर दिले की सासू तोच शब्द वापरते. ज्या शब्दाने आपले उठणे हे जगाच्या बुडण्याचे लक्षण ठरविले, तो शब्द आपण आपल्याच सुनांवर का फेकावा?

युगांची ही वाटणी केवळ पंचांगात राहिली असती तर तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात तिचा उपयोग काय झाला ते पाहावे. एका ब्राह्मणाचा मुलगा अकाली मरतो. तो दोष राजाचा, असे ब्राह्मण म्हणतो. तेव्हा नारद रामाला युगांचा कायदा समजावून सांगतो: कृतयुगात तप करण्याचा अधिकार केवळ ब्राह्मणाचा, त्रेतायुगात क्षत्रियाला तो मिळाला, द्वापरात वैश्याला मिळेल, शूद्राची पाळी कलियुगात. तुझ्या राज्यात कोणी शूद्र आपल्या युगाच्या आधीच तप करीत आहे, म्हणून हे बालक मेले. राम शोधीत जातो, शंबूकाला जात विचारतो आणि त्याचे मस्तक उडवितो. शंबूकाने चोरी केली नव्हती, कोणाला मारले नव्हते. त्याच्यावरील आरोप एवढाच की तो पंचांगाच्या पुढे गेला. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी शंबूकाचा दाखला देऊन म्हटले आहे की दंडशक्तीवाचून चातुर्वर्ण्य टिकतच नाही. त्या दंडाला मुहूर्त काढून देण्याचे काम युगकल्पनेने केले, एवढीच पुस्ती मी जोडतो. बरे, ज्या कलियुगात शूद्राची पाळी नारदाने कबूल केली, त्याच कलियुगात शूद्र धर्म सांगू लागला की भागवत त्याला अधःपाताचे लक्षण म्हणते. हा कसला न्याय?

कोणी म्हणेल, युगे बदलतात, सृष्टी लयास जाते. मग निदान प्रलयानंतर तरी ही उतरंड मोडत असेल. ती मोडू नये याची तजवीज फार काळजीपूर्वक केलेली आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातच, ब्रह्मदेवाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून व पायांतून चार वर्ण निघाल्याच्या श्लोकाच्या अगदी शेजारी, असे सांगितले आहे की प्रभूने प्रथम ज्या प्राण्याला जे काम लावून दिले, तेच काम तो प्राणी पुन्हा पुन्हा उत्पन्न झाल्यावर आपण होऊन स्वीकारतो. ऋतू आला की झाडाला जसा आपोआप त्या ऋतूचा रंग चढतो, तसे देहधाऱ्याला त्याचे कर्म चिकटते. त्याच अध्यायात पुढे शूद्राला एकच कर्म नेमून दिले आहे, ते म्हणजे इतर तिघांची कुरकुर न करता सेवा. दोन्ही वचने जोडून वाचा. ही सेवा केवळ या जन्मापुरती नाही, या युगापुरती नाही, या सृष्टीपुरतीही नाही. ४३२ कोटी वर्षांनी ब्रह्मदेव झोपेल, तितकीच लांब रात्र जाईल, पुन्हा तो डोळे उघडील, आणि पुन्हा झाडू आपल्याच हातात!

प्रलयाचे तर असोच, कलियुग संपून कृतयुग लागताना होणाऱ्या उलथापालथीतही धोका पत्करलेला नाही. भागवत सांगते की देवापि आणि मरु हे दोन राजवंशी पुरुष कलाप नावाच्या गावी योगबळाने जिवंत राहिले आहेत, ते नव्या युगाच्या आरंभी येऊन वर्णाश्रमधर्म पूर्वीसारखा चालू करतील. आपल्याकडचा कुणबी दुष्काळातही ज्वारीचे बियाणे कणगीत राखून ठेवतो, उपाशी राहतो पण बी खात नाही. पुराणकाराने वर्णाचे बियाणे तसेच राखले आहे.

हा भाबड्या पुराणिकांचा दोष आहे, थोर तत्त्वज्ञ असे म्हणत नसत, अशी एक पळवाट काढली जाते. म्हणून शंकराचार्यांचे ब्रह्मसूत्रभाष्य पाहावे. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील तिसाव्या सूत्रावर ते सिद्ध करतात की प्रत्येक नवी सृष्टी ही नावारूपाने मागच्यासारखीच असते; आधाराला ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ते वचन घेतात, ज्यात विधात्याने सूर्यचंद्र ‘यथापूर्व’ घडविले असे म्हटले आहे. आणि तेथून चार सूत्रे पुढे सरकत नाहीत तोच, चौतिसाव्यापासून अडतिसाव्या सूत्रापर्यंत, शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही हा सिद्धांत मांडला आहे. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे व लाख ओतावी, हे स्मृतिवचन तेथे प्रमाण म्हणून उद्धृत केले आहे. सृष्टीचे चक्र आणि कानातले शिसे ही एकाच पादातील, एकाच लेखणीची दोन प्रकरणे आहेत.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्यांच्याच ऋग्वेदात, त्याच दहाव्या मंडलात, एका ऋषीने निराळा सूर काढला आहे. ही सृष्टी कोठून झाली हे कोण जाणतो, देवही नंतरचे, आणि वर बसलेला अध्यक्ष ते जाणतो किंवा तोही जाणत नाही, अशा अर्थाचे ते नासदीय सूक्त आहे. त्या ऋषीला आमचा नमस्कार असो. परंतु पूजापाठात नित्य म्हटले जाते ते त्याच मंडलातील पुरुषसूक्त, ज्यात पायांतून शूद्र निघतो. शंका घेणारे सूक्त विद्वानांच्या व्याख्यानापुरते उरले.

अलीकडे सुशिक्षितांत एक नवा युक्तिवाद ऐकू येतो. म्हणे, ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि शास्त्रज्ञांनी काढलेले पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षांचे. मग आमच्या पूर्वजांना हे ठाऊकच होते! कार्ल सेगन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९८० साली आपल्या ‘कॉसमॉस’ या मालिकेत या हिंदू कालमानाचे कौतुक केले, त्याचा दाखला तर हमखास दिला जातो. परंतु हा मेळ योगायोगाचा आहे, असे त्यानेच तेथे म्हटले होते, तेवढे मात्र गाळले जाते. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे असे आजचे शास्त्र मोजमापाने सांगते. विश्व एकदाच उत्पन्न झाले की पुन्हा पुन्हा होते यावर शास्त्रज्ञांत अजून ऊहापोह चालू आहे, आणि उद्या चक्राचा पक्ष खरा ठरला तरी आपल्याला त्याचे वावडे असण्याचे कारण नाही. फिरणाऱ्या विश्वात माणसाची जात फिरत नाही, एवढे पुरे.

दूर कशाला, मांजरसुंब्याच्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तेथे उभे राहून पाहावे. काळ्या पाषाणाचे थर एकावर एक बसलेले दिसतात. हा सर्व बालाघाट, किंबहुना बहुतेक महाराष्ट्र, जमिनीच्या भेगांतून उसळलेल्या तप्त शिलारसाचा बनला आहे. तो रस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजला, हे खडकातील मूलद्रव्यांच्या मोजणीने ठरले आहे. आता संकल्पातला हिशोब घ्या. वैवस्वत मनूचे राज्य लागून त्याप्रमाणे बारा कोटी वर्षे होऊन गेली. म्हणजे आपल्या घाटातला दगड वितळलेला होता तेव्हा या मनूची बारा महायुगे संपून तेरावे चालू होते. बारा वेळा कृतयुग येऊन गेले होते, बारा वेळा ब्राह्मणांनी तप केले होते, बारा वेळा शूद्रांनी सेवा केली होती. परंतु आपल्या जातीचा माणूस, मानवजातीचा म्हणतो मी, पृथ्वीवर येऊन सुमारे तीन लाख वर्षेच झाली आहेत. तेव्हा या डोंगराला ना ब्राह्मण माहीत होता, ना महार. पायथ्याशी खडी फोडणाऱ्या आपल्या माणसाला या दगडाचे वय सांगितले पाहिजे. ते त्याला कोणी सांगितलेले नाही.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे पुढे ठेवतो, कारण आपले तरुण ती विचारतात आणि वडीलधारे ती टाळतात. आपल्या पाली ग्रंथांतही कल्प आहेत, जगाचा संवर्त आणि विवर्त, म्हणजे आकसणे आणि पसरणे, सांगितलेले आहे. मग दोघांत फरक तो काय? फरक दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात पाहावा. श्रावस्तीच्या पूर्वारामात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भिक्षू होण्यासाठी आले होते. तुम्ही ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मलेले असून त्या मुंडक्यांत कसे गेलात, असे म्हणून त्यांचे जातभाई त्यांना शिव्या देत. त्यावर भगवंतांनी दिलेले उत्तर अगदी साधे आहे: ब्राह्मणांच्या स्त्रियांनाही ऋतू येतो, त्या गरोदर होतात, बाळंत होतात, मुलांना पाजतात, हे सर्वांना दिसत असताना मुखातून जन्म झाल्याची गोष्ट कशी बोलवते? जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त धोंडिबाला ब्रह्मदेवाच्या मुखाविषयी जे प्रश्न विचारले, त्यांचे गोत्र हेच आहे.

मग भगवंत जगाच्या पसरण्याची कथा सांगतात. पण त्या कथेत निर्माता नाही आणि कोणाला कोणते काम नेमून दिलेले नाही. आरंभी सारे जीव सारखे, स्वयंप्रकाशी. तापलेल्या दुधावर साय धरावी तसा पाण्यावर पृथ्वीचा रस जमतो, एक जण लोभाने तो चाखतो, इतर त्याचे पाहून खातात, शरीरे जड होतात. पुढे आपोआप उगवणारा तांदूळ येतो. एकाला रोज आणण्याचा कंटाळा येतो, तो दोन दिवसांचा साठा करतो. दुसरा चार दिवसांचा करतो. मग शेते वाटली जातात, बांध पडतात, आणि बांध पडल्यावर चोरी होते. भांडण मिटविण्यासाठी सर्व जण मिळून आपल्यातलाच एक निवडतात आणि त्याला धान्याचा वाटा ठरवून देतात. तो महासंमत, लोकांनी निवडलेला पहिला राजा. क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य, शूद्र ही नावे त्याच सारख्या माणसांनी पुढे निरनिराळे धंदे धरल्यामुळे पडली. साठेबाजीतून चोरी आणि चोरीतून राज्यसंस्था, असा कार्यकारणभाव तेथे आहे. जे माणसांच्या व्यवहारातून आले ते माणसांना बदलता येते; १९५० ची राज्यघटना त्याच न्यायाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे सांगू शकली.

अर्थात, तांदूळ खरोखरच आपोआप उगवत होता असे कोणी मानावे, हा त्या सुत्ताचा आग्रह नाही. मज्झिमनिकायातील मालुंक्यपुत्ताने जग शाश्वत की अशाश्वत हे मला सांगा, नाहीतर मी चाललो, असा हट्ट धरला तेव्हा भगवंतांनी त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण कोणत्या जातीच्या माणसाने मारला, धनुष्य कशाचे होते, याची चौकशी होईपर्यंत तो बाण काढू देत नाही आणि मरून जातो. जगाच्या वयाची चौकशी शास्त्रज्ञ करीत आहेत, ती त्यांनी अवश्य करावी, आपल्या मुलांनीही करावी. परंतु वास्तुशांतीच्या पाटावर बसून ती चौकशी होत नाही.

राहता राहिली व्यवहाराची बाब. आपल्यातील काही घरांच्या लग्नपत्रिकांवर अजून शके आणि तिथी छापून येते, मुहूर्त पंचांगातून काढलेला असतो. आपल्याला कालगणना हवीच असेल तर बुद्धवर्ष आहे. ते सृष्टीच्या आरंभापासून मोजीत नाहीत, एका माणसाच्या महापरिनिर्वाणापासून मोजतात. १९५६ च्या वैशाख पौर्णिमेस त्याची २५०० वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा भारतासह अनेक देशांत झाला, आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी दीक्षा घेतली. पुष्कळ इतिहाससंशोधक महापरिनिर्वाणाचा काळ त्याहून साठ वर्षे किंवा आणखीही अलीकडे आणतात. उद्या पुराव्याने तो आकडा बदलला तर पत्रिकेवरचा आकडा बदलावा लागेल, आणि छापखान्याच्या खर्चाखेरीज आपले त्यात काही नुकसान नाही.

आणि नव्या घरात प्रवेश करावयाचा तर गावच्या बौद्धाचार्यांना बोलवावे, भगवान बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्ती व फुले ठेवावीत, त्रिशरण-पंचशील घ्यावे, शेजाऱ्यांना खीर द्यावी. मात्र ते पंचशील पालीत आहे, आणि न कळणारे शब्द म्हणण्याची सवय आपल्याला येथेही नको. म्हणून घरातील शाळेत जाणाऱ्या मुलीने एकेका शीलाचा मराठी अर्थ मोठ्याने वाचून दाखवावा. आजीला एखादा शब्द अडला तर तेथेच थांबून तिला तो समजावून द्यावा, आणि मग पुढचे शील घ्यावे.